देशी ब्राउझरमध्ये नेमकं देशी काय?

कळबडव्या (धागाकर्ता):

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय वेब ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली होती. एकूण तरतूद ३.४१ कोटी रुपये. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला: झोहो पहिली, एक कोटी, टीम पिंग दुसरी, ७५ लाख, टीम अजना तिसरी, ५० लाख. तेव्हापासून या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. ‘आता क्रोमची सद्दी संपली’ हा एक आणि ‘क्रोमियमला (क्रोम ज्यावर उभा आहे तो गूगलचा खुला स्रोत) नवा रंग फासलाय, दुसरं काही नाही’ हा दुसरा. दोन्ही बाजू एकाच जागी अडतात, ती म्हणजे इंजिन.

ब्राउझरचे ढोबळ तीन थर धरा. पहिला इंजिन: एचटीएमएल-सीएसएस वाचून पान मांडणारं आणि जावास्क्रिप्ट चालवणारं. पूर्ण ताकदीची इंजिनं आज तीनच: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट, मोझिलाचं गेको. ऑपेराने आपलं प्रेस्टो २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने आपलं इंजिन सोडत असल्याचं डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज आणला. दुसरा थर कवच: टॅब, बुकमार्क, सिंक, अपडेट, सेटिंग. तिसरा थर सहसा कुणी उघडून बघत नाही: मूळ प्रमाणपत्रांची यादी, म्हणजे रूट स्टोअर. कुलपाचं चिन्ह कुणाच्या शब्दावर दाखवायचं ते ही यादी ठरवते.

स्पर्धेच्या अटींत तिसऱ्या थराचा स्पष्ट उल्लेख होता: ब्राउझरची स्वतःची विश्वासयादी हवी, तीत सीसीए इंडियाचं (डिजिटल सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरचं केंद्राचं नियंत्रक कार्यालय) मूळ प्रमाणपत्र हवं, आणि क्रिप्टो टोकन (सहीची किल्ली साठवणारं यूएसबी उपकरण) वापरून ब्राउझरमधूनच डिजिटल सही करता यायला हवी. माझ्या मते सगळ्या प्रकरणात खरोखर नवीन एवढंच आहे, आणि कसून तपासायचं तेही हेच. इंजिन कुणाचं यावर धागा संपवू नये, ही विनंती.

तिरपी रेघ:

तिसऱ्या थराचं महत्त्व मान्य, पण ‘रंग फासलाय’ म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देतो. त्यांनी एकदा क्रोमियम बांधून, म्हणजे स्रोतापासून कंपाइल करून, बघावा. गूगलच्याच कागदपत्रांप्रमाणे डिस्कवर किमान १०० जीबी मोकळी जागा लागते. रॅम किमान ८ जीबी, १६ च्या वर असलेली बरी. क्रम असा: डेपो टूल्स ही गूगलची बांधणीची साधनं उतरवून पाथमध्ये टाकायची, ‘फेच’ने स्रोत आणायचा (जुना इतिहास नको असेल तर ‘नो हिस्टरी’ पर्याय द्या, बराच वेळ आणि जागा वाचते), लिनक्सवर असाल तर आवश्यक पॅकेजेसची स्क्रिप्ट चालवायची, मग ‘रनहुक्स’, मग ‘जीएन’ने बांधणीच्या फायली, शेवटी ‘ऑटोनिन्जा’. साध्या घरगुती संगणकावर पहिली बांधणी कित्येक तास चालते. मधेच कोसळली तर बहुतेकदा शेवटच्या लिंकिंगला रॅम संपलेली असते. अशा वेळी कंपोनंट बिल्ड चालू करा, सिम्बॉल लेव्हल शून्यावर आणा आणि एकावेळची कामं कमी करा.

एवढं करून जो ब्राउझर हाती येतो त्यात एच.२६४ आणि एएसी हे व्हिडिओ-आवाजाचे प्रचलित कोडेक बंद असतात, म्हणजे बरेच एमपी४ व्हिडिओ वाजत नाहीत. प्रोप्रायटरी कोडेक्सचा पर्याय चालू करून एफएफएमपेगचं ब्रँडिंग क्रोमचं ठेवावं लागतं, आणि वितरण करायचं तर पेटंटचा परवाना वेगळा. वाइडवाइन (नक्कल रोखणारं गूगलचं कुलूप) नसतं, त्यामुळे पैसे भरून बघायचे बरेचसे चित्रपट अडतात. त्याचा परवाना गूगलकडूनच. गूगल खात्याचं सिंकही मिळत नाही, कारण बाहेरच्या बांधण्यांसाठी ते मार्च २०२१ पासून बंद आहे. म्हणजे सिंकचा सर्व्हर आणि त्याचं कूटलेखन तुमचं तुम्हीच उभारायचं. ब्रेव्ह, विवाल्डी, झोहोचा उला, सगळ्यांना हे करावं लागलेलं आहे. कवच म्हणजे फुकटचं काम नव्हे.

आणि हे एकदा करून भागत नाही. क्रोम ९४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. क्रोम ११६ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून, सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला. क्रोमियमचा स्रोत खुला असल्यामुळे दुरुस्ती तिथे दिसली की भोक कुठे होतं हे हल्लेखोरालाही दिसतं. तुमची आवृत्ती तीन आठवडे मागे असेल तर ते तीन आठवडे दार उघडं.

सप्टेंबर २०२३ मधलं लिबवेबपीचं प्रकरण घ्या. वेबपी चित्र उलगडणाऱ्या छोट्या लायब्ररीत दोष निघाला. क्रोमने ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, फायरफॉक्सने दुसऱ्या दिवशी. पण तीच लायब्ररी पोटात घेऊन फिरणारी इलेक्ट्रॉनवरची (क्रोमियम आत घालून ॲप बनवायचा सांगाडा) असंख्य ॲप्स बराच काळ तशीच राहिली. ब्राउझर बनवणाऱ्या कुठल्याही चमूला मी पहिला प्रश्न हाच विचारेन: ११ तारखेची दुरुस्ती तुमच्या वापरकर्त्याकडे किती तारखेला पोचते?

मधली सुट्टी:

हे आपल्याला बाहेरून कसं तपासता येईल? सगळे ब्राउझर आपापले आकडे लावतात, ५.२ काय नि २.० काय.

तिरपी रेघ:

@मधली सुट्टी, ब्राउझरचा स्वतःचा आकडा सोडून द्या. पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’ लिहून कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘व्हर्जन’ असं इंग्रजीत टाइप करा. बहुतेक क्रोमियमवंशी ब्राउझर हे पान दाखवतात. त्यात चार भागांचा क्रोमियमचा आकडा सापडतो. तो त्याच दिवशीच्या स्थिर क्रोमच्या आकड्याशी ताडून बघा. पहिला भाग सारखा आणि शेवटचा मागे, तर आठवड्याची दुरुस्ती राहिलीय. पहिलाच भाग दोनने मागे असेल, तर त्या ब्राउझरमधून बँकेचं काम करू नये. मधे ‘एक्स्टेंडेड स्टेबल’ नावाचा आठ आठवड्यांचा प्रवाहही असतो; त्यात मुख्य आकडा मागे दिसला तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या आलेल्या असतात, तेवढं लक्षात ठेवा.

यूजर एजंटवरून, म्हणजे ब्राउझर संकेतस्थळाला आपली जी ओळख सांगतो तिच्यावरून, मात्र ठरवू नका. क्रोमने तो केव्हाच छाटलाय, मुख्य आकड्यापुढे तिथे नुसती शून्यं येतात.

आडवाट:

कवच मान्य. पण एवढा मोठा देश, तर नवं इंजिन का नाही, हा प्रश्न उरतोच ना?

खटपट्या:

@आडवाट, जगात सध्या असे दोन प्रयत्न डोळ्यांसमोर आहेत, त्यांच्याकडे बघून अंदाज येतो.

लेडीबर्ड: आंद्रेआस क्लिंग यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या सेरेनिटीओएसमधून निघालेलं. जून २०२४ मध्ये स्वतंत्र झालं, जुलैमध्ये ना-नफा संस्था झाली, गिटहबचे सहसंस्थापक ख्रिस वानस्ट्रॅथ यांनी दहा लाख डॉलर दिले. ब्लिंक, वेबकिट, गेको यांतलं काहीही उचललेलं नाही. म्हणजे सेरेनिटीच्या सुरुवातीपासून धरली तर सहा वर्षं, तेव्हा कुठे संस्था. आणि पहिल्या अल्फा आवृत्तीचं लक्ष्य २०२६.

सर्वो: मोझिलाने रस्ट भाषेत सुरू केलं. त्यातली सीएसएसची यंत्रणा २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये गेली. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना काढलं, त्यात सर्वोचा चमूही गेला. प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आला, २०२३ पासून इगालिया ही सॉफ्टवेअर संस्था त्यावर काम करतेय. ०.०.१ हा आकडा लागायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

मोजमाप कसं होतं तेही सांगतो. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या सामाईक संचात सुमारे वीस लाख उपचाचण्या आहेत. युरोपीय संघात आयफोनवर वेगळं इंजिन आणायचं तर ॲपलची एक अट अशी की यातल्या ९० टक्के पास व्हायला हव्यात. आणि पास झालं म्हणजे संपलं असंही नाही. चाचणीत बसणारं पान आणि रेल्वेचं तिकीट काढताना चालणारं पान यांत बरंच अंतर असतं, कारण असंख्य साइट क्रोमच्या वागण्यावर बेतून लिहिलेल्या आहेत, प्रमाणकावर नव्हे.

३.४१ कोटींत आणि दीड-दोन वर्षांत इंजिन मागणं म्हणजे चेष्टा झाली असती. आयोजकांनी तसं मागितलंच नव्हतं, ते बरं केलं.

अवांतर: भारतात आयफोनवर आजही सगळे ब्राउझर आतून वेबकिटच आहेत, क्रोम आणि फायरफॉक्ससुद्धा. तिथे देशी-विदेशी हा वाद फक्त कवचापुरता.

कळबडव्या:

आता तिसऱ्या थराकडे वळू या का? सीसीएची मुळं क्रोम आणि मोझिलाच्या यादीत नाहीत, म्हणून आपला ब्राउझर हवा, असा एकूण युक्तिवाद आहे. ती का नाहीत, हे कुणी सांगेल?

खटपट्या:

याला २०१४ ची पार्श्वभूमी आहे. तेव्हा सीसीएचं मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, आणि विंडोजवरचा क्रोम विंडोजचीच यादी वापरायचा. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या ध्यानात आलं की त्यांच्या काही डोमेनांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघालीत. ती काढली होती एनआयसीच्या (केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) मधल्या प्रमाणपत्रावरून (मूळ आणि संकेतस्थळ यांना जोडणारी कडी), आणि त्याची साखळी सीसीएच्या मुळाशी जाते. गूगलने क्रोममध्ये ती मधली प्रमाणपत्रं अडवली, सीसीएनेही ३ जुलैला ती रद्द केली. सीसीएच्या म्हणण्यानुसार एनआयसीच्या प्रक्रियेत शिरकाव झाला होता आणि चुकीची प्रमाणपत्रं चारच होती: तीन गूगलच्या डोमेनांची, एक याहूचं. गूगलचं म्हणणं असं की त्यांना आणखीही माहीत आहेत, त्यामुळे एकूण व्याप्ती कळत नाही.

मग क्रोमने सीसीएच्या मुळाला मर्यादा घातली: जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन आणि आणखी मोजकी डोमेनं, बाकी कुठेही ते चालणार नाही. फायरफॉक्सला या प्रकरणाची झळ लागली नाही, कारण मोझिलाची यादी स्वतःची आणि त्यात सीसीए नव्हतंच.

त्यानंतर क्रोमनेही स्वतःची यादी केली. विंडोज आणि मॅकवर क्रोम १०५ पासून ती लागू व्हायला लागली, अँड्रॉइड आणि लिनक्सवर ११४ पासून. तीत शिरायचं तर बाहेरच्या लेखापरीक्षकाचे वार्षिक अहवाल, चूक झाली की जाहीर खुलासा, आणि दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या उघड नोंदवहीत, हे सगळं आलं. क्रोम एप्रिल २०१८ नंतरच्या सार्वजनिक प्रमाणपत्रांना ही नोंद सक्तीची करतो.

अशी दारं भारतीयांना बंद आहेत असंही नाही. ईमुद्रा या भारतीय कंपनीची एमसाइन ही मुळं रीतसर प्रक्रियेतून मोझिलाच्या यादीत गेलेली आहेत.

ओसरीवरचा:

@खटपट्या, तुमची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष एकतर्फी वाटला. विश्वासाची यादी चारच कंपन्यांच्या हातात आहे: गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला. चारही अमेरिकेतल्या. २०२२ मध्ये रशियावर निर्बंध आल्यावर तिथल्या बँकांना पाश्चात्त्य संस्थांकडून प्रमाणपत्रं मिळेनाशी झाली. मार्चमध्ये त्यांच्या सरकारने स्वतःचं मूळ प्रमाणपत्र काढलं, आणि ते मानणारे ब्राउझर म्हणून यांडेक्स आणि ॲटम या दोघांची शिफारस केली. त्यांच्याकडे आपला ब्राउझर होता म्हणून ते निभावलं. युद्ध योग्य की अयोग्य हा मुद्दा इथे नाही. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, एवढंच. आपल्या बँका, जीएसटी, रेल्वे यांची कुलपं परक्या यादीवर टांगलेली असणं धोक्याचं नाही का?

उलट चूक केली म्हणून फक्त आपल्यालाच बाहेर ठेवलं असंही कुणी समजू नये. प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांपैकी २०११ मध्ये डच डिजिनोटार गेली, मग सिमँटेक गेली, २०२४ मध्ये गूगलने एंट्रस्टला नव्या प्रमाणपत्रांपुरतं बाहेर काढलं. नियम सगळ्यांना आहेत. पण ते नियम लिहिणाऱ्या टेबलावर आपली खुर्ची नाही.

खटपट्या:

ओसरीवरचा, आणीबाणीचा मुद्दा मान्य. पण ‘मूळ यादीत हवं’ एवढं म्हणून भागत नाही. कसं हवं, त्यावर सगळं आहे. मूळ प्रमाणपत्र बिनशर्त यादीत घातलं की ते कुठल्याही डोमेनसाठी चालतं. तुमच्या मेलसाठी, परदेशातल्या बँकेसाठी, वर्तमानपत्रासाठी. २०१९ मध्ये कझाकस्तानने नागरिकांना सरकारी मूळ प्रमाणपत्र बसवायला लावलं आणि मधे बसून वाहतूक उलगडायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते आपल्या ब्राउझरांत अडवलं. आपल्याकडे हेतू तसा नसेलही. पण तांत्रिकदृष्ट्या दरवाजा तोच, आणि २०१४ ला तो हेतूशिवायच उघडला होता.

म्हणून देशी ब्राउझरकडून मला तीन गोष्टी हव्यात. एक, सीसीएचं मूळ ठरावीक डोमेनांपुरतंच मर्यादित असावं. जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, फार तर बँकांची जाहीर यादी. २०१४ ला क्रोमने शिक्षा म्हणून जे केलं ते इथे रचना म्हणून करता येतं. दोन, सीसीएच्या साखळीतल्या प्रमाणपत्रांनाही ट्रान्सपरन्सीची नोंद सक्तीची असावी. तीन, ब्राउझरची पूर्ण विश्वासयादी आणि तिच्यातले बदल जाहीर असावेत. या तिन्हींत इंजिनाला हात लावावा लागत नाही, हे विशेष.

एक व्यावहारिक अडचण पुढे येतेय. एप्रिल २०२५ मध्ये सीए-ब्राउझर फोरमने (प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांचा मंच) ठरवल्याप्रमाणे सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. अर्ज, सही-शिक्का, मग फाइल ईमेलने, ही पद्धत ४७ दिवसांच्या चक्रात टिकणार नाही. एसीएमईसारखं स्वयंचलित नूतनीकरण लागेलच. सीसीएची मुळं मुख्य यादीत कधी न्यायची असतील, तर तयारी याची करायची.

कळबडव्या:

‘साखळी’ आणि ‘मूळ’ यांत गोंधळलेल्यांसाठी: पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी, मग ‘कनेक्शन सुरक्षित आहे’, मग प्रमाणपत्र, मग तपशील. सगळ्यात वरचं नाव ते मूळ. बऱ्याच सरकारी साइटवर हे करून बघा; वर परदेशी संस्था दिसेल. सरकारी साइटसुद्धा आज मुख्य यादीतल्याच संस्थांकडून प्रमाणपत्र घेतात, नाहीतर क्रोममध्ये लाल पाटी आली असती.

मधली सुट्टी:

चार्टर्ड अकाउंटंट आणि करसल्लागारांच्या कामाचं बोला. टोकनने सही करणं ही ब्राउझरमधली सगळ्यात कटकटीची गोष्ट आहे. देशी ब्राउझर ते सोपं करणार असेल, तर इंजिन कुणाचंही असो.

तिरपी रेघ:

ते कटकटीचं का झालं ते सांगतो. पूर्वी जावा ॲप्लेट ब्राउझरमध्ये चालायचं आणि टोकनशी बोलायचं. ते ज्या एनपीएपीआय या प्लगइनच्या जुन्या सोयीवर उभं होतं ते क्रोम ४५ ने २०१५ मध्ये काढलं, फायरफॉक्स ५२ ने २०१७ मध्ये फक्त फ्लॅशपुरतं ठेवलं. वेबपानाला टोकनमधल्या किल्लीने कागदावर सही करवून देणारी प्रमाणित सोय त्यानंतर आलीच नाही. म्हणून संगणकावर एक छोटा कार्यक्रम (प्रोग्रॅम) चालवायचा, तो स्थानिक पोर्टवर कान देऊन बसतो आणि पान त्याच्याशी बोलतं. जीएसटीचं एमसाइनर पोर्ट १५८५ वर बसतं.

‘कनेक्शन होऊ शकलं नाही, एमसाइनर पुन्हा सुरू करा’ असा संदेश आला की हा क्रम धरा:

एमसाइनर बंद करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. नवीन टॅबमध्ये एचटीटीपीएससकट १२७.०.०.१:१५८५ हा पत्ता इंग्रजी अंकांत टाका. सुरक्षेची पाटी येईल. ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जा. कारण स्थानिक कार्यक्रमाचं प्रमाणपत्र कुठल्याच यादीत नसतं आणि पानाने मागून केलेल्या विनंतीसाठी ब्राउझर विचारत नाही, गप नाकारतो. तुम्ही समोरून एकदा होकार दिला की ते मोकळं होतं. तरीही नाही झालं तर १५८५ दुसऱ्याच कार्यक्रमाने धरलंय का ते कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट’ने बघा. अँटिव्हायरस एचटीटीपीएस तपासत असेल तर तेवढ्यापुरता बंद.

टोकनच दिसत नसेल तर तो वेगळा आजार. विंडोजवर क्रोमला विंडोजच्या साठ्यातलं प्रमाणपत्र चालतं, म्हणजे टोकनचा ड्रायव्हर बसला की पुरे. फायरफॉक्सही ९० पासून तो साठा वापरतो; तरीही तिथे टोकन दिसलं नाही तर सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सर्टिफिकेट्स, सिक्युरिटी डिव्हायसेस, ‘लोड’, आणि टोकनची पीकेसीएस-११ची फाइल स्वतः दाखवावी लागते. ६४ बिटी फायरफॉक्सला ३२ बिटी फाइल दाखवली तर ती लोड होत नाही; बहुतेक वेळा चूक इथेच असते.

आणखी एक. क्रोम १४२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासून, संकेतस्थळाला स्थानिक नेटवर्कशी किंवा त्याच यंत्रावरच्या पोर्टशी बोलायचं तर क्रोम परवानगी विचारतो. पहिल्या टप्प्यात वेबसॉकेट (उघडी राहणारी दुतर्फा जोडणी) यातून वगळलेले होते, साध्या विनंत्यांना मात्र लागू. कुणी घाईत ‘नाही’ दाबलं की सही कायमची अडते आणि लोक एमसाइनर चार वेळा नव्याने बसवतात. पत्त्याशेजारच्या चिन्हातून साइट सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी परत द्या.

देशी ब्राउझर ही मधली दलाली काढून टोकनशी थेट बोलला, तर हजारो कचेऱ्यांत तो त्या एका कारणासाठी बसेल. पण ते एपीआय बंदिस्त ठेवलं तर ‘हे पोर्टल फक्त अमुक ब्राउझरमध्ये उघडेल’ ही इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळातली पाटी परत येईल. मसुदा जाहीर करून इतर ब्राउझरांपुढे ठेवायला हवा.

ओसरीवरचा:

याला जोडून पीडीएफ. ई-आधार किंवा डिजिटल सहीचा सातबारा ॲडोब रीडरमध्ये उघडला की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह, ‘व्हॅलिडिटी अननोन’. लोकांना वाटतं कागद खोटा. कारण तेच, सीसीएचं मूळ ॲडोबच्या यादीत नाही. सहीवर राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, डाव्या साखळीत सगळ्यात वरचं ‘सीसीए इंडिया’ निवडायचं, मग ट्रस्ट टॅब, ‘ॲड टु ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’. पुष्कळ जण वरचं न निवडता खालचं, म्हणजे सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं, निवडतात. मग दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीला पुन्हा प्रश्नचिन्ह.

खटपट्या:

यात एक धोका आहे, तो न सांगता ही कृती पसरते. बनावट पीडीएफ आपल्याबरोबर ‘सीसीए इंडिया’ नावाचं बनावट मूळही आणू शकते. नाव काय, कुणीही लिहील. जोडण्याआधी प्रमाणपत्राचा थंबप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अंकाक्षरांची ओळ) सीसीएच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या थंबप्रिंटशी अक्षर-अक्षर ताडा.

क्रोमच्या आतला पीडीएफ दर्शक सहीची वैधता दाखवतच नाही. देशी ब्राउझरने, सीसीएचं मूळ आधीच पोटात असल्यामुळे, पीडीएफवरची सही तपासून हिरवी-लाल पट्टी दाखवली तर? तलाठ्यापासून बँकेच्या कर्जविभागापर्यंत सगळ्यांना रोजचा उपयोग. स्पर्धेच्या जाहिरातीत मात्र वेब३ (ब्लॉकचेनवरचं वेब) होतं. असो.

आडवाट:

‘भारतीय भाषांचा आधार’ हेही अटींत होतं. तिथे कवचाला फारसं काम नाही. अक्षरांची मांडणी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे हार्फबझ ही लायब्ररी करते. पण तपासायला कामाच्या गोष्टी देतो, साइट बनवणाऱ्यांसाठीही.

पानाच्या एचटीएमएलला भाषा ‘एमआर’ दिली की, फॉन्टात सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे येतात. ‘एचआय’ राहिलं असेल तर हिंदी वळणाचे. कित्येक मराठी वृत्तस्थळं इथेच चुकतात.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही लिहून बघा. दुसऱ्यातला र युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ आहे. जुन्या मजकुरात साधा र, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक अशी रीत सापडते; डोळ्यांना सारखं दिसतं, डेटाबेसात मात्र दोन वेगळे शब्द होतात आणि शोध फसतो.

मथळ्याला सीएसएसमधून अक्षरांतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजी साच्यातून आलेला हा नियम मराठी पानावर शून्य करावा.

अक्षरमोजणी: ‘क्षत्रिय’ची जावास्क्रिप्टमधली लांबी ८ येते. आपल्याला अक्षरं तीन दिसतात. युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमाने तुकडे पाच व्हायचे, नव्या नियमाने जोडाक्षर एकसंध धरल्यामुळे तीन. जावास्क्रिप्टमधला ‘इंटल सेगमेंटर’ वापरा. फायरफॉक्समध्ये तो १२५ पासून आहे.

आणि हमखास फसवणारी गोष्ट: ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला ‘एमआर’ दिलं की १२३४५६ चं १,२३,४५६ देवनागरीत येतं. छान दिसतं. पण तीच मजकुराची पेटी परत वाचून ‘पार्सइंट’ केलं की ‘आकडा नाही’ असं उत्तर, कारण त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. बेरीज करायची असेल तर मूळ आकडा वेगळा जपा, किंवा भाषासंकेताला लॅटिन अंकांचा जोड द्या आणि वाचण्याआधी स्वल्पविराम काढून टाका.

मधली सुट्टी:

छोटा प्रश्न: या क्रोमियमवाल्यांत जाहिराती अडवणारं जुनं यूब्लॉक ओरिजिन चालतं का?

तिरपी रेघ:

ते मॅनिफेस्ट व्ही२ या एक्स्टेन्शनांच्या जुन्या चौकटीवर उभं आहे. क्रोम १३८ ही तिला, कंपन्यांसाठीच्या धोरणाच्या आडून का होईना, जागा देणारी शेवटची आवृत्ती. १३९ पासून गेलं. त्यापुढच्या पायावरच्या कुठल्याही ब्राउझरला ते हवं तर जुना कोड स्वतः सांभाळावा लागतो, दर नव्या आवृत्तीला. यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं, पण ते ब्राउझरला आधीच नियम देऊन बसतं: प्रत्येक एक्स्टेन्शनला हमीचे ३०,००० स्थिर नियम, त्यावर सगळ्यांत वाटून घ्यायचा सामाईक साठा, रेगेक्सचे १,०००. विनंती आल्यावर कोड चालवून निर्णय घेणं गेलं. रोजच्या जाहिरातींना लाइट पुरतं. साइटच्या स्वतःच्या डोमेनाआड सीनेमने (डीएनएसमधलं टोपणनाव) लपवलेला माग काढणारा तिथे सुटतो. तो फायरफॉक्सवर पकडता येतो, कारण डीएनएस विचारायचं एपीआय एक्स्टेन्शनला तिथेच मिळतं.

ओसरीवरचा:

आणि फायरफॉक्स कुणाच्या पैशावर? मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयात, गूगलच्या शोधयंत्राच्या मक्तेदारीच्या खटल्यात, मोझिलाच्याच वित्तप्रमुखांनी सांगितलं: उत्पन्नाचा सुमारे ९० टक्के भाग फायरफॉक्समधून, त्यातला सुमारे ८५ टक्के गूगलच्या करारातून. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला क्रोम विकायला लावलं नाही आणि शोधयंत्रासाठी पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही, फक्त एकाधिकाराचे करार थांबवले. मोझिलाने तेव्हा सुटकेचा श्वास टाकला असणार. उत्पन्नाचा मार्ग काय, हा प्रश्न देशी ब्राउझरलाही चुकणार नाही. बक्षीस एकदाच मिळतं.

मधली सुट्टी:

शेवटचं. कचेरीतल्या एका अंतर्गत साइटला सीसीए साखळीतलं प्रमाणपत्र आहे, फायरफॉक्समध्ये लाल पाटी येते. मूळ प्रमाणपत्र बसवून टाकावं का?

खटपट्या:

विंडोजमध्ये बसवू नका. तिथे टाकलं की क्रोम, एज सगळेच ते मानतात; फायरफॉक्सही १२० पासून तुम्ही विंडोजमध्ये भर घातलेली मुळं आपोआप उचलतो. शिवाय हाताने बसवलेल्या मुळाला क्रोम ट्रान्सपरन्सीची नोंद मागत नाही, म्हणजे त्याच्यावरून निघालेलं खोटं प्रमाणपत्र कुठे दिसणारही नाही.

फायरफॉक्सची मुळं प्रोफाइलगणिक वेगळी असतात, त्याचा फायदा घ्या. ‘अबाउट’ कोलन ‘प्रोफाइल्स’ या पानावर नवं प्रोफाइल करा, नाव ‘कचेरी’ ठेवा, त्यात उघडा. सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, व्ह्यू सर्टिफिकेट्स, ऑथॉरिटीज, इम्पोर्ट. थंबप्रिंट ताडून मगच ‘संकेतस्थळं ओळखण्यासाठी विश्वास’ या एकाच चौकटीत खूण करा, ईमेलची रिकामी ठेवा. त्या प्रोफाइलमध्ये ती एक साइट सोडून काही उघडू नका. मेल आणि बँक नेहमीच्या प्रोफाइलमध्ये. आणि साइट चालवणाऱ्यांना मधलं प्रमाणपत्रही सर्व्हरवर लावायला सांगा. ते राहून गेलं असेल तर मूळ बसवूनही ‘अननोन इश्यूअर’चीच पाटी येत राहील.